किट घालण्याचं झालं, आता काढण्याचं बोलू

संरक्षक कपड्यांचे डिझाइनर, ते बनवणारे उत्पादक, त्यांची मानकं लिहिणाऱ्या समित्या आणि रुग्णालयांच्या खरेदी समित्या यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येक खोक्यासोबत एक प्रमाणपत्र येतं. कापडातून रक्त झिरपत नाही, विषाणू पार होत नाही, शिवणींवर टेप आहे, असं त्यात लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. मी संसर्ग नियंत्रणाचं काम करणारी परिचारिका आहे. नव्या माणसांना किट, म्हणजे गाऊन किंवा अखंड सूट, हातमोजे, मास्क आणि गॉगल, घालायला आणि काढायला शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. तुमच्या कापडाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या कापडाचं तुम्ही जे शिवता त्याबद्दल. ते घालून काम करता येतं. काढताना मात्र आमची माणसं स्वतःला माखून घेतात आणि त्याचा दोष दर वेळी त्यांच्याच माथी येतो.

रुग्णाजवळ असताना आमचे हात कामात गुंतलेले असतात. सलाईन, सक्शन, नळ्या, चादरी. चेहऱ्याकडे हात न्यायला सवड नसते आणि चुकून गेलाच तर मध्ये शील्ड असते. बाहेर यायच्या वेळी त्या पाळीत जे काही उडालं, सांडलं, ओघळलं ते सगळं गाऊनच्या पुढच्या भागावर आणि बाह्यांवर जमा झालेलं असतं. आणि नेमकं त्याच वेळी त्याच हातांनी आपली मान, कान, कंबर, डोक्याची मागची बाजू चाचपायची असते. अंग घामाने चिंब, बाहेर बदलीची माणसं खोळंबलेली. अख्ख्या पाळीतली सगळ्यात जोखमीची वेळ ही, आणि तुमच्या रेखाटनांत नेमकी हीच नसते. तुमच्या माहितीपत्रकातला माणूस नेहमी किट घालून ताठ उभा असतो. ते काढत असलेला माणूस मी तरी कुठल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर पाहिलेला नाही.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. २०१५ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या काही रुग्णालयांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हातमोज्यांवर किंवा गाऊनवर चमकणारं लोशन लावायचं, कर्मचाऱ्यांनी नेहमीच्या सवयीने ते उतरवायचं आणि मग अतिनील दिव्याखाली अंग आणि कपडे तपासायचे, अशी साधी पद्धत. ४३५ वेळा हे करून पाहिलं. त्यातल्या ४६ टक्के वेळा कातडीवर किंवा आतल्या कपड्यांवर लोशन सापडलं. हातमोजे काढताना हे प्रमाण सुमारे ५३ टक्के होतं, गाऊन काढताना सुमारे ३८. ज्यांची पद्धत चुकली त्यांच्यात ते ७० टक्क्यांवर गेलं. ज्यांची पद्धत बरोबर होती त्यांच्यात ३० टक्के.

चर्चा होते ती ७० टक्क्यांची. प्रशिक्षण द्या, भिंतीवर पोस्टर लावा, देखरेख ठेवा. ठीकच आहे. त्याच अभ्यासात प्रशिक्षणानंतर प्रमाण ६० टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास उतरलं, त्यामुळे शिकवण्याचा उपयोग होतो हे मी कशाला नाकारू? माझं पोटच त्यावर चालतं. पण ३० टक्क्यांचं काय? या लोकांनी सांगितल्या क्रमाने, सांगितल्या रीतीने सगळं केलं होतं, तरी दहांतल्या तीन वेळा डाग पडलेच. त्याआधी २००८ साली एका छोट्या अभ्यासात एक निरुपद्रवी विषाणू गाऊन, मास्क, गॉगल आणि हातमोज्यांवर लावून लोकांना ठरलेल्या क्रमाने सगळं काढायला लावलं होतं. तो विषाणू पुढे त्यांच्या हातांवर आणि आतल्या सदऱ्या-पायजम्यांवर मिळाला. माणूस बरोबर वागूनही माखतो, तेव्हा माणसाला आणखी किती शिकवायचं याची चर्चा जरा बाजूला ठेवून कपडा उलगडून बघायला हवा.

तो कुणी उलगडत नाही. एका रुग्णालयात (नाव घेत नाही) कर्मचाऱ्याला संसर्गजन्य स्राव लागला की एक फॉर्म भरावा लागे. त्यात कारणांचे रकाने होते: हात धुतले नाहीत, क्रम चुकला, घाई केली, प्रशिक्षण झालेलं नाही. गाऊनची नाडी सुटेना, बाही वर सरकली, चेन अडकली, यासाठी रकानाच नव्हता. मग अशा सगळ्या घटना ‘घाई केली’मध्ये जात. वर्षाअखेरीला त्या फॉर्मांची बेरीज झाली आणि निष्कर्ष निघाला की कर्मचारी घाई करतात.

आता नाडीचंच बघू, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथे आहे. गाऊनला दोन ठिकाणी बंद असतात, मानेमागे आणि कमरेला. घालताना सहकारी मागून गाठ मारतो. सुटू नये म्हणून दुहेरी मारतो. काही तासांनी घामाने ती गाठ आवळून बसते. काढणारा दोन्ही हात मानेमागे नेतो. गाठ दिसत नाही. बोटांना केस लागतात, कॉलर लागते, मास्कचं इलॅस्टिक लागतं, टोपीची कड लागते आणि मग कधीतरी गाठ लागते. हातमोजे काढून हे करायचं तर उघड्या बोटांनी अंदाजाने चाचपायचं. हातमोज्यांनी करायचं तर तेच माखलेले हातमोजे मानेवर फिरवायचे. यातला एकही पर्याय बरा नाही.

म्हणून ओढून तोडायचे गाऊन आले. गाऊन छातीशी धरायचा, पुढे ओढायचा, मानेमागचा जोड तुटतो, बाह्या उलट्या होत होत हातमोज्यांसकट निघतात. कल्पना उत्तम आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या सूचनांमध्येही गाऊन आणि हातमोजे एकत्र काढायची ही पद्धत आहे आणि ती वेगवेगळं काढण्यापेक्षा बरी असावी असं संशोधनही सांगतं. पण तो जोड किती ओढल्यावर तुटावा? मी वापरलेल्या एका गाऊनचा जोड रुग्णावर वाकलं तरी तुटायचा. मग गळा पुढे लोंबायचा आणि तो सावरायला हात छातीशी जायचा. दुसरा इतका चिवट होता की हिसका द्यावा लागे. हिसका दिला की जोड तुटायच्या आधी पुढचं सगळं कापड गोळा होऊन वर येई आणि हनुवटीला लागे. दोन्ही गाऊनांची प्रमाणपत्रं निर्दोष होती. कापड किती ओढलं तरी फाटता कामा नये, ते त्यांत लिहिलेलं होतं. कुठे आणि किती ओढल्यावर ते फाटायलाच हवं, याचा उल्लेख नव्हता.

तर माझी पहिली मागणी ही. मानेचा जोड किती जोराने तुटतो ते मोजा, छापा, आणि दर खेपेला तेवढाच ठेवा. बारीक हाडाची परिचारिका आणि धिप्पाड वॉर्डबॉय दोघांनाही हिसका न देता तो तोडता आला पाहिजे. धुऊन पुन्हा वापरायचे कापडी गाऊन असे तोडता येत नाहीत हे मला माहीत आहे. तिथे नाडीऐवजी ओढताच सुटणारी टिचबटणं लावा. धुऊन धुऊन ती सैल पडतात, तेव्हा किती धुलाईनंतर ती बदलायची तेही सांगा.

आणि आतली बाजू वेगळ्या रंगाची करा. इतकी साधी गोष्ट, पण अजून सगळीकडे होत नाही. काढलेला गाऊन आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळायची असते. दोन्ही बाजू एकसारख्या निळ्या असल्या की अर्ध्या गुंडाळीनंतर आपण नक्की काय धरलंय ते कळत नाही. आत पांढरा, बाहेर निळा असेल तर शिकवणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही.

मनगटाचं दुखणं वेगळ्या जातीचं. बाही संपते तिथे हातमोजा सुरू होतो. निदान व्हायला हवा. हात लांब करून वरची बाटली काढली की बाही मागे सरकते आणि मनगटाची पट्टी उघडी पडते. कित्येक गाऊनांच्या बाहीला शेवटी विणलेला कफ असतो. तो घट्ट बसतो, पण द्रव अडवत नाही, शोषून घेतो. हातमोजा त्यावर पुरता चढलेला असेल तरच ठीक. म्हणून लोक काय करतात? बाहीला कात्रीने भोक पाडून त्यातून अंगठा काढतात. किंवा हातमोजा आणि बाही चिकटपट्टीने जखडून टाकतात. आत जाताना फार सुरक्षित वाटतं. बाहेर आल्यावर त्या पट्टीचं टोक सापडत नाही. सापडलं तर ती ओढताना हातमोजा फाटतो, नाहीतर बाही. वापरणारा तुमच्या वस्तूला कात्री लावतो, चिकटपट्टी लावतो, तेव्हा ती बेशिस्त नसते. तुमच्या रेखाटनावरची ती दुरुस्ती असते. अंगठ्याचा फासा शिवूनच द्या. हातमोज्याची लांबी कोपराकडे वाढवा. बाही आणि हातमोजा जोडलेलेच देता येतील का ते बघा, म्हणजे दोन्ही एकदमच निघतील.

या सगळ्यावर झालेलं संशोधन कॉक्रेन या, वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात एकत्र केलेलं आहे. २०२० च्या आवृत्तीत २४ अभ्यास आणि २,२७८ सहभागी होते. गळ्याशी आणि मनगटाशी नीट बसणारा गाऊन, गाऊन-हातमोज्याचा बंदिस्त जोड, मास्क आणि हातमोजे काढताना धरायला शिवलेले टॅब, हातमोज्यांच्या दोन जोड्या, काढताना कुणीतरी मोठ्याने सूचना देणं, या गोष्टींनी माखणं कमी होत असावं असं तो आढावा म्हणतो. ‘असावं’ हा शब्द मी टाळणार नाही. अभ्यास छोटे आहेत, बहुतेक चमकत्या लोशनवर किंवा निरुपद्रवी विषाणूवर केलेले आहेत, आणि आढावा लिहिणाऱ्यांनी स्वतःच पुराव्याची खात्री कमी असल्याचं नोंदवलंय. पण यादी पुन्हा वाचा. गळा, मनगट, जोड, टॅब. ही सगळी शिंप्याची कामं आहेत. यासाठी नवं कापड शोधून काढावं लागत नाही.

टॅबबद्दल थोडं. मास्कची दोन इलॅस्टिकं डोक्यामागे असतात. आधी खालचं काढायचं, मग वरचं. पातळ, केसांत रुतलेली, न दिसणारी. चुकून वरचं आधी निघालं की मास्क उलटून गळ्यावर येतो, त्याच्या बाहेरच्या बाजूसकट. इलॅस्टिकला बोटभर रुंदीची, हाताला लगेच कळेल अशी पट्टी लावली तर हा सगळा खेळच संपतो. चष्मेवाल्यांचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. गॉगल काढताना चष्मा त्यासोबत येतो, अर्ध्यावर लटकतो आणि तो पडू नये म्हणून माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने हात चेहऱ्याकडे नेतो. मी शिकवताना चष्मेवाल्यांना वेगळं बसवते, कारण त्यांच्यासाठी पत्रकात एक ओळही नसते.

आता अखंड सूटकडे, कव्हरऑलकडे वळते. पाहणाऱ्याला तो सगळ्यात सुरक्षित वाटतो, आणि घालून असेपर्यंत असेलही. काढायला तो गाऊनपेक्षा अवघड. चेन पुढे, गळ्यापासून खाली. तिच्यावर चिकटणारी झडप. झडपेचं टोक हनुवटीखाली, म्हणजे माणसाला स्वतःच्या शरीरावर जी जागा कधीच दिसत नाही तिथे. मान वर करायची, आरशात बघायचं, हातमोजा घातलेल्या बोटांनी हनुवटीखाली झडपेचं टोक शोधायचं. नाकातोंडापासून ते चार बोटांवर असतं. मग हुड मागे घ्यायचं, ते केसांना न लावता. मग खांद्यांवरून उतरवत, उशीचा अभ्रा उलटा करावा तसा आतला भाग बाहेर घेत पायांपर्यंत जायचं. आणि शेवटी एका पायावर उभं राहायचं. थकलेल्या माणसाला एका पायावर उभं करणारं डिझाइन कुणाला सुचलं असेल, याचं मला खरंच कुतूहल आहे. तोल गेला की हात भिंतीला किंवा देखरेख करणाऱ्याच्या खांद्याला.

पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत याची किंमत जगाने पाहिली. १ जानेवारी २०१४ ते ३१ मार्च २०१५ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत ८१५ आरोग्य कर्मचाऱ्यांना निश्चित किंवा संभाव्य इबोला झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली. सर्वसाधारण प्रौढांच्या तुलनेत त्यांना लागण होण्याची शक्यता २१ ते ३२ पट होती. ही सगळी माणसं कपडे काढताना आजारी पडली असं कुणी म्हणू नये. कित्येकांकडे धड हातमोजेही नव्हते, कित्येकांना समोरच्या रुग्णाला काय झालंय हेच ठाऊक नव्हतं. पण २०१४ मध्येच अमेरिकेतल्या डॅलसमधल्या एका रुग्णालयात, जिथे साधनांची अशी चणचण नव्हती, दोन परिचारिकांना लागण झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सूचना बदलल्या: कातडी कुठेही उघडी नको, घालण्या-काढण्याचा आधी पुरेसा सराव हवा, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षित निरीक्षक समोर हवा.

त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जैवअभियंत्यांच्या गटाने सूट मुळापासून नव्याने आखायला घेतला. त्या कामात लग्नाचे पोशाख शिवणारी एक डिझायनरही होती, आणि हे मला फार आवडलं. पोशाख अंगावर चढतो कसा आणि उतरतो कसा, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी चेन पुढून पाठीवर नेली. हुडमध्येच मोठी पारदर्शक काच बसवली, म्हणजे गॉगल वेगळा काढायला नको. आत कोरडी हवा खेळवायची सोय केली. काढायच्या पायऱ्या कितीतरी कमी झाल्या. पाठीवरची चेन एकट्याला लावता येत नाही, हा त्यातला तोटा उघड आहे. पण अशा कक्षात एकट्याने कपडे घालायला परवानगीच नसते. तो सूट सगळ्यांनी उचलावा असं माझं म्हणणं नाही. कपड्याचा विचार काढण्यापासून सुरू केला की चेनसुद्धा जागा बदलते, एवढंच मला दाखवायचंय.

मोठ्या काचेचा आणखी एक फायदा तुमच्या यादीत बहुधा नसेल. रुग्णाला माणसाचा चेहरा दिसतो. लायबेरियात २०१५ मध्ये एका कलाकार बाईंनी कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो काढून त्यांच्या सूटवर छातीशी चिकटवले होते, कारण आत कोण आहे हे रुग्णांना कळतच नव्हतं. विषयांतर झालं, पण असू द्या.

उकाड्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात. द्रव आत येऊ न देणारं कापड घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. उष्ण हवेत तासाभरानंतर सूटमध्ये टिकणं कठीण होतं. आपण याला गैरसोय म्हणतो आणि सोडून देतो. ती नुसती गैरसोय नाही. भुवईवरून घाम डोळ्यांत उतरला, काचेवर वाफ धरली, की हात आपोआप वर जातो. तो थांबवायला जे भान लागतं तेच उकाड्याने कमी झालेलं असतं. आणि काढताना प्रत्येक पायरीला थांबून हात निर्जंतुक करायला जो धीर लागतो तोही. कॉक्रेनच्या आढाव्यात हवा खेळणाऱ्या कापडाच्या किटने डाग वाढल्याचं दिसलं नाही, आणि वापरणाऱ्यांना ते जास्त पसंत पडलं. म्हणजे प्रत्येक वेळी सर्वांत जाड तेच सर्वांत सुरक्षित, हे समीकरण तपासून घ्यायला हवं.

मापांचं मात्र मी थोडक्यात उरकणार नाही. जगातल्या आरोग्य आणि सामाजिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. तरी सूट बेतलेला असतो पुरुषाच्या बांध्यावर आणि त्याची लहान प्रत काढली की तिला स्त्रियांचं माप म्हणतात. खांदे उतरतात, गळा उघडा पडतो, हुड डोळ्यांवर येतं. खाली पायाची लांबी इतकी की काढताना ढीग जमिनीवर लोळतो आणि त्याच ढिगातून पाय बाहेर काढावा लागतो. नितंबांशी मात्र तोच सूट इतका ताणतो की खाली बसलं की शिवण उसवते. केसांचा अंबाडा असेल तर हुड मागे ओढलं जातं आणि गळ्याशी फट पडते. हे सगळं साध्या मोजपट्टीने कळतं. मोठ्या मापाचा सूट सगळ्यांना होतो, हे वाक्य मी खरेदीच्या बैठकीत ऐकलेलं आहे. होतो, अंगात जातो. बाहेर निघताना बघा.

आता मानकं लिहिणाऱ्यांशी थेट बोलते. तुमची चाचणी मला तोंडपाठ आहे. विषाणू अडवण्याच्या चाचणीत कापडाचा तळहाताएवढा तुकडा एका चौकटीत आवळून बसवतात. एका बाजूला फाय-एक्स-१७४ हा जीवाणूभक्षक विषाणू असलेला द्रव. हा विषाणू जेमतेम २७ नॅनोमीटरचा, यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस ब आणि क विषाणूंपेक्षाही लहान, म्हणून निवड चोख. तासाभराच्या चाचणीत मिनिटभर १३.८ किलोपास्कल दाब देतात आणि पलीकडे काही पोहोचलं का ते पाहतात. चाचणी कडक आहे आणि असायलाच हवी. पण त्या चौकटीत माणूस नाही. मान नाही, मनगट नाही, घाम नाही. त्या तुकड्याला कुणी अंगावरून उतरवत नाही. गाऊनचे १ ते ४ असे स्तर ठरतात ते कापड आणि शिवणी किती द्रव अडवतात यावर. चौथ्या स्तराचा गाऊन अंगावरून उतरवायला पहिल्यापेक्षा सोपा असेल की अवघड, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही, आणि खरेदी करणारा मात्र तो आकडा म्हणजेच सुरक्षितता समजतो.

काढण्याची चाचणी मानकात घाला. ती अशक्य नाही. लोशन आणि दिवा एवढ्यावर ती वर्षानुवर्षं चालू आहे. कंपनीचा निष्णात माणूस त्यात नको. वेगवेगळ्या उंचीच्या, बांध्याच्या परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार घ्या. सफाई कामगारांना तर अशा चाचण्यांत कुणी बोलावत नाही, आणि उलटी-रक्त पुसायला तेच असतात. त्यांना गरम खोलीत तासभर काम करायला लावा. मग खोक्यातल्या पत्रकाशिवाय दुसरी मदत न देता किट काढायला सांगा. डाग किती पडले, शरीरावर कुठे पडले, हात किती वेळा चेहऱ्याजवळ गेला, किती पायऱ्या लागल्या, ते मोजा. आणि तो निकाल कापडाच्या स्तराशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खोक्यावर छापा.

यावर उत्पादकांचं उत्तर मला ठाऊक आहे: लोशनचा डाग म्हणजे संसर्ग नव्हे. बरोबर. पण कापडाच्या तुकड्यातून झिरपलेला जीवाणूभक्षकही म्हणजे संसर्ग नव्हे, आणि त्यावर तुम्ही अख्खं प्रमाणपत्र उभं केलंय. तो जर अप्रत्यक्ष पुरावा म्हणून चालतो, तर हाही चालावा.

खरेदी समित्यांना एकच सांगणं. दर खेपेला वेगळ्या बनावटीचा गाऊन आणू नका. एकाची नाडी बाजूला, दुसऱ्याची मागे, तिसऱ्याचा जोड तोडायचा. हाताला एक वळण लागतं आणि पुढच्या महिन्यात तेच वळण घात करतं. बदलायचाच असेल तर आधी नमुना वॉर्डात द्या आणि काढून बघायला सांगा. बैठकीच्या टेबलावर कापड चोळून बघण्याने काही कळत नाही.

वापरणाऱ्याची तक्रार ऐकून कपडा बदलतो याला आधार आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरमध्ये शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटले. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. जंतूंचा विचार त्यात नव्हताच, विचार होता एका परिचारिकेच्या हातांचा. पुढे त्याच हातमोज्यांनी रुग्णही वाचवले.

तेव्हा पुढचा नमुना शिवाल तो आमच्याकडे पाठवा. सोबत घालून दाखवणारा माणूस पाठवू नका. कपडा, पत्रक, लोशन आणि अतिनील दिवा एवढंच पुरे. रात्रपाळी संपवून बाहेर येणारी माणसं आम्ही देऊ. डाग कुठे कुठे पडले ते शरीराच्या आकृतीवर खुणा करून तुम्हाला परत पाठवू, आणि नाडी सुटली नाही, चेन अडकली, बाही सरकली यांसाठी त्या कागदावर वेगळे रकाने असतील.

कळावे,
संसर्ग नियंत्रणाच्या कामातली एक परिचारिका